फुगा उचलतो, भार नाही

दिवाळीच्या सुटीत ताईकडे इंदूरला गेलो होतो. भाचा पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये कामाला आहे. "मामा, चला, आमचं काम दाखवतो," म्हणून घेऊन गेला.

ट्रेलर ओढणाऱ्या एका ट्रकच्या मागच्या आसाचे पाटे काढून तिथे हवेचे रबरी फुगे बसवायचे होते. व्होल्वोने बंगळूरला गेलेल्यांना या फुग्यांचे सुख ठाऊक आहे. पण मी पडलो एम.ए.वाला. विचारले, "पाट्यांच्या जागी फुगे लावले की झालं ना?"

भाचा हसला. पाटा नुसता भार झेलत नाही, आसाला जागेवर धरूनही ठेवतो. फुग्याला ते जमत नाही. म्हणून आसाला पुढे-मागे आणि आडवे धरणारे दांडे वेगळे द्यावे लागतात. भार वाढून गाडी मागे बसली की एक झडप फुग्यात हवा सोडते. भार उतरला की काढून घेते. ही हवा ब्रेकच्याच कॉम्प्रेसरमधून येते. म्हणून मध्ये आणखी एक झडप असते. फुगा फुटला तरी ब्रेकची हवा जाता कामा नये. हवेवर पहिला हक्क ब्रेकचा!

तेवढ्यात गाडीचे मालक आले. म्हणाले, "फुग्यांनी मागची बाजू वर येणार, तर माल जास्त भरू."

भाच्याने खडूने फरशीवरच हिशेब मांडला. दोन्ही आसांत अंतर 3.6 मीटर. मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे हूक. हुकावर 600 किलो दाब आला, तर मागच्या आसावर 800 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 200 किलो कमी होतात. फुग्यांनी गाडी सपाट दिसेल, पण ते 200 किलो पुढे परत येणार नाहीत. स्टेअरिंग हलकेच राहील. आस आणि टायर यांची ताकदही तेवढीच राहील.

मालक गप्प झाले. मला आठवले ते आपल्याकडचे उसाचे ट्रॅक्टर. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढताना चढावर त्यांचे तोंड उचलले जाते, तेही याच हिशेबाने.

घरातही असेच होते, नाही का? बाहेरून सगळे सपाट दिसते, म्हणून आपण कर्त्या माणसावर आणखी भार टाकत जातो. अशा वेळी कन्नडमधला आपला रोजचा शब्द वेळीच उच्चारावा: साकु!