रूपाचे कौतुक, घराची उपेक्षा

दरवर्षी सप्टेंबर महिन्यातील तिसरा शनिवार हा जगभर तांबड्या पांड्याचा दिन म्हणून पाळला जातो. मराठवाडा मुक्तिदिनाच्या धामधुमीत मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी त्याची दखल कोणी घ्यावी, अशी अपेक्षा नाही. तथापि या प्राण्याचे चित्र आता आपल्याकडील मुलांच्या दप्तरावर आणि वह्यांवरही येऊन बसले आहे. ज्या प्राण्याला पाहण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते, त्याचा चेहरा आपल्या मुलाला ओळखता यावा, ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र त्याच मुलाला गावामागच्या माळावरचे खोकड ओळखता येऊ नये, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

तांबड्या पांड्याचे आकर्षण अकारण नाही. गोल चेहरा, पांढरे कान, डोळ्यांखाली ओघळलेले तांबूस पट्टे आणि वलयांकित झुपकेदार शेपूट असे हे तीन ते सहा किलो वजनाचे जनावर आहे. नेपाळी भाषेत त्याला हाब्रे म्हणतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्यूव्हिए यांनी १८२५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काळ्यापांढऱ्या थोरल्या पांड्याची ओळख पाश्चात्त्य शास्त्राला त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १८६९ साली झाली. म्हणजे पांडा हे नाव आधी या धाकट्याचे. थोरल्याने ते मागाहून घेतले. वस्तुतः या दोघांचे निकटचे नातेही नाही. थोरला पांडा अस्वलाच्या कुळातील, तर तांबडा पांडा स्वतःच्या कुळाचा आज उरलेला एकमेव वारस आहे.

ज्या रंगाला आपण सौंदर्य म्हणतो, तो या प्राण्याच्या लेखी लपण्याचा उपाय आहे. हिमालयातील वृक्षांच्या खोडांवर तांबूस शेवाळाचे पुंजके आणि पांढुरके दगडफूल वाढलेले असते. त्यांत पाठीचा तांबडा रंग मिसळून जातो. खालून पाहणाऱ्या शत्रूला काळे पोट फांद्यांच्या सावलीत दिसत नाही. याचे पचनसंस्थान मांसाहारी प्राण्याचे, पण आहार मुख्यतः बांबूच्या पानांचा व कोंबांचा. खाल्लेल्यापैकी सुमारे चौथा हिस्साच अंगी लागत असल्याने त्याला जागेपणीचा पुष्कळसा वेळ खाण्यात घालवावा लागतो. बांबू पकडण्यासाठी मनगटाचे एक हाड वाढून अंगठ्यासारखे झाले आहे. मादीला वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या तोंडावर, बहुधा दोन पिल्ले होतात. इतक्या काटकसरीने संसार करणाऱ्या जिवाला मोठा आघात सोसत नाही.

आणि आघात तर चालूच आहेत. भारतात त्याचे वास्तव्य सिक्कीम, अरुणाचल प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात आहे. तेथील जंगलाचे तुकडे होत आहेत. गुरांबरोबर जंगलात शिरणारी कुत्री त्याला मारतात व आपले रोग त्याला देतात. सिक्कीमने त्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास होते. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९७५ साली पद्मजा नायडू यांचे नाव देण्यात आले. सरोजिनीबाईंच्या या कन्येचा जन्म हैदराबादचा. आपला मुखेड तालुका ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीतला. २००३ साली तेथे वाढलेल्या दोन माद्या सिंगालीलाच्या रानात सोडण्यात आल्या. पिंजऱ्यात प्राण्यांची संख्या वाढविता येते. परंतु त्यांना सोडावयाचे तर रान शिल्लक असावे लागते. प्राणी वाचविणे म्हणजे त्याचे घर वाचविणे, हाच या साऱ्या खटाटोपाचा धडा आहे.

तो धडा आपल्या दारी आणून पाहावा. बालाघाटाच्या उतारावरील आपल्या मुरमाड माळांचा खरा रहिवासी खोकड होय. कोल्ह्याहून लहान, अंगाने सडपातळ, मोठ्या कानांचे आणि काळ्या टोकाच्या झुपकेदार शेपटीचे हे जनावर रूपाने त्या हिमालयवासीयाला हार जाणारे नाही. ते अनेक तोंडांची बिळे खणते, जोडीने राहते, आणि नरमादी मिळून पिल्ले वाढवितात. टोळ, भुंगेरे, वाळवी, उंदीर आणि बोरे हे त्याचे अन्न. म्हणजे आपल्या ज्वारी-तुरीचा हा बिनपगारी राखणदार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पांड्याला संरक्षण आहे, तसेच यालाही आहे. उणीव आहे ती घराची.

कारण सरकारी दप्तरात त्याच्या घराचे नाव ‘पडीक’ असे आहे. ज्याला आपण पडीक म्हणतो, त्याची राखण कोणी करीत नाही. कोणी तेथून मुरूम उपसतो, कोणी कचरा टाकतो, तर कोणी वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी खड्डे खणतो. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु गवताळ माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. खोकडाला उघडे गवत आणि बीळ खणता येईल अशी भुई लागते. माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणेच होय. मोकाट कुत्र्यांचा जाच येथेही चुकलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या वावराने खोकडे अन्नापासूनही दूर राहतात, असे आढळले आहे.

माळ राखणे म्हणजे माणसाला तेथून हाकलणे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तेथे धनगराची मेंढरे चरतात आणि भूमिहीनाची शेळी जगते. गवत टिकले तर त्यांचेही टिकेल. मागणी मोठी नाही. ग्रामपंचायतींनी गावचा माळ गायरान म्हणून नोंदीत व प्रत्यक्षातही जपावा. वन खात्याने माळावर खड्डे खणण्यापूर्वी तेथे कोण राहते हे पाहावे. गावातील कुत्र्यांना लस टोचण्याची व्यवस्था व्हावी. आणि शिक्षकांनी वर्षातून एक दिवस मुलांना माळावर न्यावे.

दप्तरावरचा पांडा मुलांनी जरूर मिरवावा. त्याच्यावरील प्रेम खोटे नाही, अपुरे आहे. दार्जिलिंगच्या रानाचे भवितव्य मुखेडच्या हाती नाही. मुखेडच्या माळाचे मात्र आहे. खोकडही केवळ चित्रात उरल्यावर त्याचे कौतुक करण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.