सरासरीचा छेद

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटची चर्चा रंगली की आकडे निघतातच. विनोद कांबळीची कसोटीतील सरासरी ५४.२०, सचिन तेंडुलकरची ५३.७८. मग मोठा कोण? आचरेकर सरांच्या या दोन शिष्यांचे आकडे खरे आहेत. गफलत होते ती निष्कर्ष काढण्याच्या घाईत.

सरासरी ऐकली की ती किती डावांची, हे आधी विचारावे, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा. कांबळी १७ कसोटी खेळला, सचिन २००. कांबळीच्या १०८४ धावांपैकी ४५१ धावा १९९३ मधील लागोपाठच्या दोन द्विशतकांच्या, २२४ आणि २२७. ती बाजूला ठेवली तर उरलेल्या १९ डावांची सरासरी पस्तिशीवर येते.

दुसरा धडा आईबापांसाठी अधिक मोलाचा. मुलाला पार्कातल्या नेटवर सोडताना वाडेकर, पाटील, तेंडुलकर ही नावे डोळ्यांसमोर असतात. त्याच मैदानावर घाम गाळून पुढे बँकेत, कचेरीत गेलेल्यांची मोजदाद कोणी करीत नाही. क्लासच्या जाहिरातींतल्या गुणवंतांच्या छायाचित्रांचेही तेच. केवळ यशस्वीच मोजले, की यश सोपे वाटू लागते.

मुलांनी जरूर खेळावे. खेळण्यातला आनंद कोणत्याही सरासरीत मावत नाही. पण खेळापायी शिक्षणावर पाणी सोडण्यापूर्वी अंशाच्या कौतुकात छेदही विचारावा: किती जणांतून किती?