औषध तेच, कण वेगळा

बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत कापसाचा हंगाम म्हणजे जिनिंगमधली रुईची धूळ, आणि ज्यांना दमा आहे त्यांच्या खिशात यंत्रातून ओढायची कॅप्सूल. नेहमीची मिळाली नाही की दुकानदार म्हणतो, ‘कंपनी वेगळी आहे, औषध तेच.’ गोळीच्या बाबतीत हे बहुधा चालते. ओढायच्या भुकटीला ते तसेच लावू नये, असे माझे मत आहे. तिथे रसायनाइतकेच कणाच्या घडणीला महत्त्व असते.

ही घडण कशी ठरते, याचा सुंदर अभ्यास मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. पाण्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळून त्याचे थेंब सुकवले. थेंब सुकताना कण पृष्ठभागावर जमून कवच होते. आतले पाणी निघत राहते, दाबाने कवच आत बसते आणि मेदूवड्याच्या घाटाचा कण मिळतो. सिलिकाला पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पॉलिमर जोडले, तर हे बसणे थांबते. मात्र मोठ्या रेणूंचे पॉलिमर जास्त घेतले, की कवचावर मऊ जागा राहतात आणि तिथे तिथे खळगे पडतात. पदार्थ जवळपास तोच, पॉलिमर बदलले आणि कणाचे रूप पालटले!

सिलिका ओढायची वस्तू नव्हे. स्फटिकी सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. घ्यायची आहे ती थेंबाची गोष्ट. दूध पावडर आणि काही ओढायची औषधेही थेंब फवारून, सुकवूनच बनतात.

फुप्फुसात खोलवर पोचतात ते साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे कण. मोठे घशात अडकतात. गुळगुळीत कण एकमेकांना धरून गठ्ठे करतात. सुरकुतलेले, पोकळ कण सुटे राहतात, हलके उडतात. म्हणजे कॅप्सूलवर छापलेले मायक्रोग्रॅम सारखे असले, तरी छातीत उतरणारे सारखे असतीलच असे नाही.

म्हणून कॅप्सूल आणि यंत्र एकमेकांसाठी बनवलेलेच वापरावे. बदल डॉक्टरांना विचारून करावा. सरकारी खरेदीतही फक्त दर पाहू नये. किती भुकटी 5 मायक्रॉनखाली उतरते, याचा चाचणी अहवाल निविदेत मागावा.

आणखी एक. पट्टीतून सगळ्या कॅप्सूल काढून डबीत भरून ठेवणारे पुष्कळ आहेत. पावसाळी हवेत भुकटी ओल धरते, तिचे गठ्ठे होतात, आणि मग कितीही जोरात ओढले तरी बरेचसे औषध घशातच राहते.