हजेरी आणि काटा

आमच्या तेल्हाऱ्याकडे कापूस वेचायला आलेल्या बाईला मजुरी किलोवर मिळते, निंदायला आली तर रोजानं. निंदण चालू असतं तेव्हा मालक धुऱ्यावर उभा. वेचणीला तो संध्याकाळी काटा घेऊन येतो, पालापाचोळा किती, कापूस ओला का, ते पाहतो आणि हिशेब करतो. जिथं काटा नाही तिथं पहारा लागतो.

माझ्या कामाला काटा आहे. कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद गिटमध्ये राहते. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय ती पुढे जात नाही. मार्च २०२०पासून चार वर्षं मी इथल्या माडीवरून, इन्व्हर्टर आणि दोन सिमकार्डांच्या भरवशावर काम केलं. त्यात दोन बढत्या मिळाल्या. आता मेल आलाय: पाचही दिवस पुण्याच्या ऑफिसात. कारण, ‘उत्पादकता’. कोणाची, किती घसरली? आकडा नाही. मी विचारला, तर बसायच्या जागेचा नंबर कळवला.

टीसीएसनं २०२०मध्ये सांगितलं होतं की २०२५पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त लोक ऑफिसात लागणार नाहीत. २०२३च्या ऑक्टोबरात पाच दिवसांची हाक आली. मधल्या काळात प्रोग्रॅम लिहिण्याची रीत तर बदलली नव्हती.

आकडे आहेत, पण ते उलटे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीच्या १६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग जून २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरली नाही आणि राजीनामे एक तृतीयांशानं घटले. हा प्रयोग दोनच दिवसांचा; माझ्यासारख्या पूर्णवेळ गावी बसणाऱ्याला तो तंतोतंत लागू नाही. पण पाच दिवसांच्या सक्तीचा आधार तर तो नक्कीच काढून घेतो.

एक गोष्ट मात्र मान्य. पहिल्या वर्षी मी जे शिकलो ते शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरच्या स्क्रीनकडे बघून. ते माडीवर झालं नसतं. मग नव्या मुलांसाठी दिवस ठरवा. महिन्यातले चार दिवस मी स्वखर्चानं येतो, त्यांच्याजवळ बसतो. पण हिंजवडीच्या गर्दीत दोन तास घालवून, कानाला हेडफोन लावून बंगळूरच्या माणसाशीच बोलायचं असेल, तर ते मी इथूनही बोलतो, आणि दुपारी बाबांना अकोल्याच्या डॉक्टरकडे नेऊन रात्री उरलेलं काम संपवतो.