पाना घेताना नट खिशात ठेवा

मालवणजवळच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. सविनय जयभीम लिहून त्यांनी लगेच मुद्द्यालाच हात घातला आहे. त्यांचे यजमान पहाटे बंदरावर मासळी घेतात आणि मोटारसायकलच्या मागे खोका बांधून चौके, कट्टा, कसाल अशी वाडीवाडीवर विकतात. मध्यंतरी निघायच्या वेळीच मागचे चाक बसले. घरात आठवडा बाजारातून आणलेली हत्यारांची पेटी होती. चाळीस नग, सगळे चकचकीत. पाना लावला, जोर दिला आणि पाना नटावरून सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. तिसऱ्या खेपेस नटाचे कोपरेच गेले. शेवटी मेकॅनिकने छिन्नीने नट फोडून काढला, त्यात एक्सलचे आटेही गेले. मासळी शेजारीपाजारी वाटून टाकावी लागली आणि दोन दिवसांचा धंदा बुडाला.

भगिनी पुढे लिहितात, "बचत गटातून थोडे पैसे उचलता येतील. दुसरी पेटी घ्यावी, की घरात हत्यारे ठेवणेच सोडून द्यावे? गाडीचा प्लग मीच साफ करते, म्हणून विचारते."

ताई, हत्यारे जरूर ठेवा. पण पेटी घेऊ नका.

माझे मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या घरच्या पिशवीत मोजून नऊ नग होते आणि त्या नऊ नगांवर वाडीतल्या सगळ्या सायकली, लुना आणि एक जुनी राजदूत चालत असे. एकदा मी बाजारातला नवा पाना मोठ्या हौसेने त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून परत दिला आणि म्हणाले, "नट गेलो तर दुसरो गावतलो. बोट गेला तर खयसून हाडतलंस?" पाना सटकतो तेव्हा हाताची मूठ समोरच्या लोखंडावर आपटते. ज्याने हा अनुभव घेतला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

चांगल्या पान्यात असते काय, ते आधी पाहू. आपल्याकडच्या कोयतीचे उदाहरण घ्या. लोहाराने पाणी जास्त दिले तर सोडणावर घाव बसताच धारेचा तुकडा उडतो. कमी दिले तर चार नारळांत धार बोथट होते. पान्याचेही तसेच आहे. चांगला पाना तापवलेल्या पोलादाच्या कांबीवर साच्याचे जड घाव घालून घडवतात, मग त्याला पाणी देऊन पुन्हा बेताने तापवतात. त्यामुळे तो कठीण होतो, पण ठिसूळ राहत नाही. पोलादात थोडे क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळलेले असते. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे पान्यावर दिसतात ती त्यामुळे. स्वस्त पेटीतला पाना पुष्कळदा ओतीव असतो किंवा नरम लोखंडाचा असतो. वर मुलामा मात्र आरशासारखा. नरम पाना जोर दिला की तोंड फाकवतो, ओतीव पाना मोडतो. मोडलेला भाग पाहिलात तर आत साखरेसारखे दाणे दिसतील.

आता दुकानात काय पाहायचे? मामांची युक्ती सांगतो. जाताना खिशात दोनचार नवे नट घेऊन जायचे, आपल्या गाडीला लागतात त्याच मापाचे. पान्यात नट घालून हलवून पाहायचा. केसभर ढील असतेच, ती हवीच. पण नट पान्यात डुलत असेल तर तो पाना तिथेच ठेवावा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी हरकत नाही, पैसे आपले आहेत. मग पाना डोळ्यांसमोर धरून तोंडाच्या दोन्ही कडा पाहाव्यात. त्या एकमेकींना समांतर आणि आतून साफ घासलेल्या हव्यात. कारखान्याचे नाव आणि माप धातूतच उमटवलेले हवे, नुसता चिकटवलेला कागद नको. नाव अक्षर न् अक्षर वाचावे. नामांकित मालाची नक्कल करणारे एखादेच अक्षर बदलतात आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला ते कळत नाही. आयएसआय चिन्ह असेल तर खालचा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. घरातल्या शिकत्या मुलामुलीला सांगितले तर दोन मिनिटांत पाहून देईल. मुलाम्याचे पोपडे सुटत असतील तर तो नग घेऊच नये. ते पोपडे पात्यासारखे हात कापतात आणि आपल्या किनाऱ्यावर गंज पहिल्यांदा तिथेच शिरतो.

वजनावर मात्र जाऊ नये. जाड, जड पाना म्हणजे मजबूत पाना हा गैरसमज आहे. उलट चांगल्या पोलादाचा पाना सडपातळ असतो, म्हणूनच अडचणीच्या जागी शिरतो.

चांगल्या मालासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. नाशिकच्या सातपूरची टपारिया कंपनी १९६९ पासून स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे करू लागली. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही तर हत्यारांची गावेच आहेत. शेजारच्या रत्नागिरीत कानशी तयार होतात. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या हार्डवेअर दुकानांत चांगले पाने सुटे मिळतात. पेटीच घ्या, असा आग्रह कोणी धरत नाही.

सुटे घ्यायचे तर कोणती मापे घ्यावीत? इथे बरेच जण फसतात. आधी आपल्या गाडीबरोबर आलेली छोटी पिशवी उघडून त्यातल्या पान्यांवरचे आकडे पाहावेत. होंडाच्या जपानी घराण्यातल्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी ८, १०, १२, १४ आणि १७ लागतात. बजाजच्या जुन्या चेतकसारख्या स्कूटरचे घराणे इटलीचे, तिला ११ आणि १३ वारंवार लागतात. आपल्याकडे तोंड उघडे असलेले पाने जोडमापात येतात: १०×११, १२×१३, १४×१५, १६×१७. म्हणजे तीनचार नगांत बहुतेक काम भागते. जुन्या विलीज जीपचे आणि ॲम्बेसेडरचे माप इंची. तिथे मिलिमीटरचा 'जवळपास बसणारा' पाना लावणे म्हणजे नटाचे कोपरे आपल्याच हाताने घालवणे.

ताईंच्या यजमानांचा नट गेला त्याला आणखी एक कारण असावे. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी वेढा घालतो, म्हणून सटकत नाही. घट्ट बसलेला नट आधी रिंगने सैल करावा आणि मग हवे तर फिक्स पान्याने भरभर फिरवावा. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला तोंड असलेले, दोन्ही टोकांना एकच माप असलेले पानेही मिळतात. पैसे बेताचे असतील तर चाकाच्या नटाचा रिंग पाना सर्वांत आधी घ्यावा. चाकाचा नट मोजून, त्याच मापाचा. स्क्रू पाना, म्हणजे कमीजास्त होणारा, घरच्या नळाला ठीक. गाडीच्या घट्ट नटाला तो लावू नये.

पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ओढताना सटकला तर हात मोकळ्या हवेत येतो. दांडा लांब करण्यासाठी त्यात पाइप घालणारे पाहिले आहेत. पान्याची लांबी त्या मापाच्या नटाला किती जोर सोसेल त्या हिशेबाने ठेवलेली असते. पाइप लावला की एकतर पाना जातो, नाहीतर आटे जातात.

पक्कड घेताना ती मिटून उजेडाकडे धरावी. टोके जुळलेली असावीत आणि तारा कापायच्या धारांमधून उजेड दिसू नये. उघडझाप करताना ती डावीउजवीकडे हलता कामा नये. स्क्रू ड्रायव्हरचे एकच सांगतो: पुष्कळ मोटारसायकलींवर जपानी पद्धतीचे फुलीचे स्क्रू असतात, त्यांचा खाचा उथळ असतो. नेहमीच्या प्लस ड्रायव्हरचे टोक त्यात पुरते टेकत नाही, म्हणून स्क्रूची फुली खाल्ली जाते. माप जुळणारा ड्रायव्हर घ्यावा आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर द्यावा.

ताई स्वतः प्लग काढतात हे वाचून बरे वाटले. प्लग पाना मापाचाच हवा. स्प्लेंडरसारख्या गाडीचा प्लग बारीक, त्याला १६ मापाचा पाना लागतो. जुन्या स्कूटरच्या प्लगला २१ लागतो. इंजिन थंड असतानाच काढावा. बसवताना सुरुवातीचे फेरे हातानेच द्यावेत, पान्याने नाही. तिरका बसला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि ते काम घरी होण्यासारखे नसते. नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो, जुना असेल तर त्याहून पुष्कळ कमी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बुरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले आहे. तिथे घरी प्लग, चेन, ब्रेक, चाक एवढेच पाहावे आणि सेन्सरच्या वायरींना हात लावू नये.

राहिला आपला खारा वारा. घाटावरचा मनुष्य पाना वर्षभर पडवीत टाकून देईल आणि त्याला काही होणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावर तो एका पावसाळ्यात तांबडा होतो. लोखंडावर बसलेले मीठ हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून कोरड्या दिवसातही गंज चालूच राहतो. त्यात मासळीच्या खोक्यातून गळणारे खारे पाणी! ताई, तुमच्या मागच्या चाकाचा नट जाम झाला तो बहुधा त्यामुळेच. धंद्यावरून आल्यावर मागचे चाक आणि चेन गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा आणि चेनला तेल द्या. पंक्चर नसले तरी दोनतीन महिन्यांनी एकदा तो नट काढून आट्यांना थोडे ग्रीस लावून पुन्हा बसवा; मात्र ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीस लागू देऊ नका. जाम नटावर आधी डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी हातोडीने हलके ठोकून मग पाना लावावा.

हत्यारांचेही तसेच. काम झाले की घामाचा हात पुसून पाना पुसावा, तेलाचा हात द्यावा आणि तेलकट फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा. डबा जमिनीवर नको, फळीवर ठेवावा. ओल धरणाऱ्या गोणपाटात तर मुळीच नको. मामा दर पावसाळ्याच्या तोंडाशी सगळी हत्यारे अंगणात मांडून पुसून काढत, तेव्हा मामी म्हणायची की सणाची भांडीसुद्धा इतक्या मायेने कोणी घासत नाही.

तेव्हा ताई, पहिल्या खेपेला चाकाच्या मापाचा रिंग पाना, १०×११ आणि १२×१३ असे दोन फिक्स पाने, एक चांगली पक्कड आणि प्लग पाना नसेल तर तो, एवढेच घ्या. पुढच्या वेळी १४×१५ आणि ड्रायव्हर. जुन्या पेटीतली हातोडी कामाची असेल तर ठेवा, दांडा सैल नाही ना तेवढे पाहा. बाकीचे भंगारवाल्याला वजनावर घाला. शेजाऱ्याला फुकट देऊ नका, तो ते आपल्या गाडीला लावील.