सेन्सर, सेलोटेप आणि शनिवार

गेल्या शनिवारी मी गॅरेजच्या दाराचे सेन्सर बदलले. खर्च पस्तीस डॉलर, वेळ सव्वा तास (त्यातला अर्धा तास स्क्रूड्रायव्हर शोधण्यात). एवढ्याशा कामावर लिहिण्यासारखं काही नाही, हे मान्य. पण त्याआधीचे तीन आठवडे मी जो शहाणपणा करून ठेवला होता, तो कुठेतरी कबूल केल्याशिवाय चैन पडणार नाही. म्हणून हा प्रपंच.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये भाड्याच्या घरात राहतो. इथे घराला चिकटूनच गॅरेज असतं आणि त्याला सोळा फूट रुंद, वर छताकडे सरकत जाणारं दार. छताला टांगलेली मोटर ते दार वर-खाली करते. गाडीत बसून रिमोट दाबायचा, दार खाली येऊ लागतं आणि आपण निघतो. मागे वळून कोणी बघत नाही. दोन गाड्यांचं दार सहज सत्तर-ऐंशी किलोचं असतं. ते खाली येताना मध्ये कोणी आलं तर? म्हणून चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, एकेक डबी बसवलेली असते. एका डबीतून इन्फ्रारेड किरण निघतो, समोरची डबी तो बघत असते. किरण मध्येच तुटला की खाली येणारं दार थांबतं आणि उलटं वर जातं.

तर झालं असं की, फेब्रुवारीत आमचं दार खाली यायला तयारच होईना. चार इंच यायचं, काहीतरी आठवल्यासारखं थबकायचं आणि परत वर. वरचा दिवा लुकलुकायचा. बाहेर उणे पंधरा तापमान, आठ वाजताची मीटिंग, आणि हे दार म्हणजे लग्नात रुसलेल्या मामासारखं अडून बसलेलं.

काचा पुसल्या. डब्या एकमेकींकडे तोंड करून नीट सरळ केल्या. तारा हलवून बघितल्या. पाठवणाऱ्या डबीचा दिवा व्यवस्थित लागलेला, बघणाऱ्या डबीचा दिवा मात्र मिणमिणता, मध्येच विझणारा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते गाडीच्या चाकांबरोबर गॅरेजमध्ये येतं आणि त्याचं खारट पाणी या डब्यांवर उडत राहतं. आमच्या डबीच्या काचेवर आतून पांढुरका थर धरला होता. थोडक्यात, तिला मोतीबिंदू झाला होता. :-)

ऑफिसमध्ये रडगाणं गायल्यावर एका सिनियरने जेवणाच्या सुट्टीत उपाय सांगितला. (गृहस्थ मूळचे सांगलीकडचे, इथे वीस वर्षं काढलेली.) "अरे, इतकं काय त्यात? दोन्ही डब्या काढ, तोंडाला तोंड लावून सेलोटेप गुंडाळ आणि वर मोटरपाशी टांगून दे. आमची पाच वर्षं तशीच आहेत."

केलं. आणि चाललं! सोळा फुटांवरून जे तिला दिसत नव्हतं, ते दोन इंचांवरून व्यवस्थित दिसत होतं. दार लोण्यासारखं खाली आलं. मी बायकोसमोर कॉलर ताठ केली. इंजिनिअर नवरा असण्याचे फायदे वगैरे.

पुढे मार्चमध्ये माझा कॉलेजचा मित्र सहकुटुंब आमच्याकडे चार दिवस राहायला आला. त्याला शिकागोत नोकरी लागली होती आणि घर ताब्यात मिळायला वेळ होता. बरोबर सामानाची खोकी आणि साडेतीन वर्षांचं कन्यारत्न. रविवारी संध्याकाळी त्यातलं एक मोठं खोकं तिच्या ताब्यात गेलं. ते खोकं म्हणजे तिची बस. ती आत बसायची आणि मी, म्हणजे 'काका', कंडक्टर. गॅरेजमध्ये दोन तास बस चालली.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा गाडी मागे घेतली, रिमोट दाबला आणि निघालो. पंधरा मिनिटांत बायकोचा फोन. "दार उघडंच राहिलंय. आणि त्या खोक्याचा पार पापड झालाय."

खोकं बरोबर दाराच्या रेषेत राहिलं होतं. दार त्याच्यावर आलं, ते चेपलं, आणि मग मोटरला जोर लागतोय हे कळून दार परत वर गेलं. म्हणजे दुसरी सुरक्षा यंत्रणा चालली. फक्त ती चालते ती धडकल्यावर, दाबल्यावर. पहिली यंत्रणा दार टेकायच्या आत थांबवते, आणि ती मी सेलोटेप गुंडाळून छताला टांगली होती.

खोकं रिकामं होतं. पुढचं वाक्य मी लिहीत नाही. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी कोडची एकही ओळ लिहिली नाही.

रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की या डब्या कोणा कंपनीच्या हौसेखातर आलेल्या नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या एका पत्रकात नोंद आहे की मार्च १९८२ पासून २ ते १४ वयाची सुमारे ६० मुलं अशा स्वयंचलित दारांखाली सापडून गेली. वर्षाला साधारण चार. १९९० साली संसदेने कायदा केला. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला दार उलटं फिरवण्याच्या सोयीखेरीज आणखी एक संरक्षण सक्तीचं झालं, आणि बहुतेकांनी हे किरणाचे सेन्सर निवडले. डब्या सहा इंचांच्या वर बसवू नयेत, हा नियमही तिथूनच आला. सहा इंच का, हे समजायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. जमिनीवर पडलेलं मूल केवढं उंच असतं?

आता माझ्यातल्या इंजिनिअरला खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. आमच्या ओपनरमध्ये बघणारी डबी किरण दिसत असेपर्यंत तारेवरून सतत ठोके पाठवत राहते. 'सगळं ठीक, सगळं ठीक.' ठोके थांबले की मोटर धरून चालते की मध्ये कोणीतरी आहे. तार तुटली, डबी मेली, काच आंधळी झाली, काहीही झालं तरी निष्कर्ष एकच: दार बंद करायचं नाही. म्हणजे फेब्रुवारीत माझं दार बिघडलंच नव्हतं. 'मला दिसत नाहीये, मी दार खाली आणणार नाही' असं ते सरळ सांगत होतं. मी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायच्या ऐवजी त्याच्या डोळ्यांपुढे एक खोटं चित्र धरलं.

हे काम आपण ऑफिसमध्येही इमानेइतबारे करतो. टेस्ट फेल होते? कॉमेंट करून टाक. एक्सेप्शन येतंय? रिकामा कॅच ब्लॉक. रात्री तीनला अलर्ट येतो? म्यूट. स्क्रीन हिरवी दिसली की आपलं काम झालं.

लहानपणी आमच्या वाड्यात मेन स्विचपाशी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते. उन्हाळ्यात कूलर लागले की फ्यूज उडायचा. मग वरच्या मजल्यावरचे एक काका यायचे आणि फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवायचे. "आता बघू कसा उडतो!" खरंच उडायचा नाही. सगळे काकांवर खूश. एका मे महिन्यात तळमजल्यावरच्या आजींच्या खोलीतल्या जुन्या बोर्डातून धूर निघाला. काकांच्या घरी काहीच झालं नाही.

माझा मुद्दा इथे आहे. जुगाडाचं आपल्याला फार कौतुक आहे, आणि मलाही आहे. तुटलेल्या चपलेला सेफ्टी पिन लावणं, बंद पडलेल्या टीव्हीला चापट मारणं, यात काही वाईट नाही. जुगाड फसला तर अनवाणी आपणच चालणार. पण सुरक्षेच्या वस्तूवर केलेल्या जुगाडाची गंमत अशी की सोय करणाऱ्याची होते आणि किंमत दुसराच मोजतो. तळमजल्यावरची आजी किंवा खोक्यातली मुलगी. त्यांना कोणी विचारलेलंही नसतं.

ओपनरच्या डिझाइनमध्ये हाच विचार किती सुंदर बसवलाय बघा. सेन्सर बिघडला असतानाही आमचं दार बंद करता येतं. भिंतीवरचं बटण दाबायचं आणि दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबूनच धरायचं. बोट उचललं की दार परत वर. रिमोटने मात्र जमत नाही. कारण भिंतीवरचं बटण असं बसवायचं असतं की तिथून दार समोर दिसेल, आणि मुलांचा हात पोचू नये म्हणून किमान पाच फूट उंचीवर. म्हणजे यंत्र म्हणतं, माझे डोळे गेलेत, हरकत नाही, तुझे वापर. पण मग इथे उभा राहा, बघत राहा, बोट काढू नकोस. मला हा नियम फार आवडला. सुरक्षा बाजूला सारायची असेल तर तेवढा वेळ तिच्या जागी स्वतः उभं राहा. फेब्रुवारीत मला रोज पंधरा सेकंद उभं राहायचा कंटाळा आला होता, एवढीच माझी अडचण होती.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे प्रवचन होईल. लोक सेलोटेपकडे वळतात यात यंत्र बनवणाऱ्यांचाही वाटा आहे. आमचा ओपनर काय बिघडलंय हे दिवा लुकलुकवून सांगतो! संध्याकाळचं तिरकं ऊन डबीवर पडलं तरी काही सेन्सर गोंधळतात. जी सुरक्षा वरचेवर विनाकारण अडवते, तिच्यावरचा विश्वास उडतो आणि मग ती खरं बोलली तरी कोणी ऐकत नाही. अलर्ट लिहिणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं. पण तक्रार डिझाइनबद्दल असेल तर चिठ्ठी डिझाइनवाल्यांना लिहावी. डोळ्यांवर पट्टी बांधू नये.

असो. घरमालकाला ईमेल केली, त्याने 'बदल आणि भाड्यातून कापून घे' म्हणून दोन ओळींत विषय संपवला. शनिवारी ओपनरचा प्लग काढला, जुन्या डब्यांना चिकटलेल्या तारा कापल्या, नव्या डब्या खाली मूळ जागी बसवल्या. दोन-दोन तारा, एक पांढरी, एक पांढऱ्यावर काळी रेघ असलेली. रंगाला रंग जुळवून पीळ दिला, वर प्लॅस्टिकच्या टोप्या. ऊन पश्चिमेकडून येतं ते बघून बघणारी डबी सावलीच्या बाजूला लावली. प्लग लावला. दोन्ही दिवे स्थिर. (हे काम घरी करण्यासारखं आहे, कारण या तारांत व्होल्टेज अगदी कमी असतं. दाराच्या वरच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका, तिथे माणूस बोलवा.)

मग ते चेपलेलं खोकं जमेल तेवढं उभं करून दाराच्या रेषेत ठेवलं आणि रिमोट दाबला. दार वीतभर खाली आलं, थबकलं आणि परत वर गेलं. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा अडलं. दार अडलं म्हणून इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

ता.क. सोमवारी डब्यात जास्तीची पुरणपोळी घेऊन त्या सिनियरकडे गेलो आणि खोक्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात नातू येणार आहे रे माझा." शनिवारी त्यांच्याकडे जातोय. या वेळी स्क्रूड्रायव्हर आधीच शोधून ठेवलाय.