साडेसात हजारांची रेघ आणि ताटावरचा कर

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोलीवरील कर बारावरून पाच टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली आणि २२ सप्टेंबरपासून ती अमलात आली, तेव्हा गोव्याच्या किनारपट्टीवरील व्यावसायिकांनी तिचे मनापासून स्वागत केले; परंतु त्याच बैठकीत रेस्टॉरंटसंबंधी जो छोटासा खुलासा मंजूर झाला, त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. स्वतंत्र रेस्टॉरंटला, म्हणजे ज्याच्या जागेत मुक्कामाची सोय नाही अशा उपाहारगृहाला, अठरा टक्के कर आकारून खरेदीवरील कराची वजावट घेण्याचा पर्याय स्वीकारता येणार नाही, असा तो खुलासा आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या ‘विनिर्दिष्ट परिसर’ या व्याख्येशेजारी ठेवून तो वाचला, म्हणजे उंची भोजनाच्या, धंद्याच्या भाषेत फाइन डायनिंगच्या, व्यवसायाची दोन्ही बाजूंनी कशी कोंडी झाली आहे ते ध्यानात येते. साडेसात हजारांची रेघ ओलांडलेल्या हॉटेलच्या आवारातील स्वयंपाकघरावर अठरा टक्के लादले जातात आणि आवाराबाहेरचे स्वयंपाकघर ते मागत असले तरी त्याला ते नाकारले जातात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये रेस्टॉरंटवरील कर पाच टक्के, वजावटीविना, असा ठरला, तेव्हा ज्या हॉटेलातील एखाद्याही खोलीचे जाहीर भाडे साडेसात हजार किंवा त्याहून अधिक होते, त्याच्या आवारातील रेस्टॉरंट मात्र वजावटीसह अठरा टक्क्यांत ठेवले गेले. जाहीर भाडे म्हणजे दरपत्रकावर छापलेले भाडे. खोली प्रत्यक्षात पाच हजारांना गेली तरी कागदावरचे आठ हजारच धरले जात, आणि याविरुद्ध व्यावसायिकांनी अनेक वर्षे तक्रार केली. १६ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने ती दूर केली, हे मान्य केले पाहिजे. मात्र छापील भाड्याच्या जागी प्रत्यक्ष आकारलेले मूल्य आणताना मागील संपूर्ण आर्थिक वर्षात कोणत्याही एका खोलीचे एका दिवसाचे मूल्य साडेसात हजारांच्या वर गेले असेल, तर तो परिसर पुढील संपूर्ण वर्षभर ‘विनिर्दिष्ट’ ठरेल, अशी शब्दरचना तिने केली. छापील भाडे निदान मालकाच्या हातात होते. प्रत्यक्ष भाडे हंगामाच्या आणि बुकिंगच्या संकेतस्थळांवर तासागणिक बदलणाऱ्या दरांच्या हातात असते.

औद्योगिक शहरात खोलीभाडे वर्षभर साधारण एका पातळीवर राहते, म्हणून तेथे या शब्दरचनेचा त्रास कमी होतो. कांदोळी, कळंगुट, हणजूण किंवा बाणावली येथील वीस खोल्यांच्या हॉटेलचे गणित वेगळे असते. तेथे जुलैच्या पावसात अडीच हजारांना न जाणारी खोली नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आठ-नऊ हजारांना जाते, आणि त्या आठवड्याच्या उत्पन्नावरच उरलेल्या ओस महिन्यांचे पगार निघतात. ३१ डिसेंबर २०२५ च्या रात्री अशा हॉटेलातील एक खोली आठ हजारांना विकली गेली, तर एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ या काळात त्याच्या रेस्टॉरंटात वाढल्या जाणाऱ्या प्रत्येक ताटावर, जूनमधल्या मंगळवारच्या दुपारच्या माशाच्या कढीवरसुद्धा, अठरा टक्के कर लागेल. त्यात गोव्यातील एका रूढ पद्धतीची भर पडते. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचे मेजवानीचे जेवण अनेक हॉटेलांत मुक्कामी पाहुण्यांना सक्तीचे असते आणि त्याची रक्कम खोलीभाड्यातच धरली जाते. खोली आणि जेवण अशा रीतीने एकत्र विकले की कायद्याच्या परिभाषेत तो साधारणतः ‘एकत्रित पुरवठा’ होतो, मुख्य सेवा मुक्कामाची ठरते आणि जेवणाचे पैसे खोलीच्या मूल्यात मिळतात. सहा हजारांची खोली आणि तीन हजारांचे जेवण मिळून नऊ हजारांची खोली होते, आणि वर्षातून एकदा दिलेली मेजवानी त्याच स्वयंपाकघराच्या पुढील वर्षाचा कर ठरवून जाते.

याहून अन्यायकारक स्थिती आहे ती भाडेकरू शेफची. गेल्या काही वर्षांत गोव्यात अनेक तरुण आचाऱ्यांनी लहान हॉटेलांचा तळमजला किंवा अंगण भाड्याने घेऊन स्वतःच्या नावावर रेस्टॉरंट चालवण्याची वाट धरली आहे. खोल्यांच्या विक्रीशी त्यांचा संबंध नसतो, हॉटेलची बिले त्यांना पाहायला मिळत नाहीत, आणि तरीही कराचा दर जागेला जोडलेला असल्यामुळे घरमालकाच्या एका रात्रीच्या भाड्यावरून त्यांच्या ताटाचा कर ठरण्याचा धोका राहतो. व्याख्येतील ‘पुरवठादार’ हा शब्द मुक्काम विकणाऱ्यापुरता आहे की जेवण विकणाऱ्यालाही लागू आहे, याचा अर्थ भाडेकरूच्या परिस्थितीत दोन्ही प्रकारे लावता येतो, आणि अशा ठिकाणी व्यावसायिकाने धोका पत्करून निर्णय घ्यावा अशी अपेक्षा करणे कर प्रशासनाला शोभत नाही. शंका विचारायला गेलेल्या माणसाला ‘आपल्या सल्लागाराला विचारा’ असे सांगून परत पाठवणारा अधिकारी आपले काम करीत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

वजावट मिळते, मग अठरा टक्क्यांत तोटा कसला, असा प्रतिवाद नेहमी केला जातो. त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. दोघांच्या भोजनाचे बिल दहा हजार रुपये झाले, तर पाच टक्क्यांच्या रेस्टॉरंटात पाहुणा १०,५०० रुपये देतो. अठरा टक्क्यांच्या रेस्टॉरंटाने पाहुण्याकडून तेवढीच रक्कम घ्यायची ठरवली, तर करापूर्वीची त्याची विक्री ८,८९८ रुपये उरते, म्हणजे १,१०२ रुपये कमी. ही तूट वजावटीतून भरून निघायची असेल, तर त्या एका बिलामागे अठरा टक्के कर भरलेली खरेदी सुमारे ६,१२० रुपयांची असावी लागते. गोव्यातील चांगल्या स्वयंपाकघराचा खर्च कशावर होतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. मालीमच्या जेटीवरून किंवा मडगावच्या घाऊक बाजारातून आणलेल्या ताज्या विसवणावर आणि चोणकावर हा कर नाही, भाजीपाल्यावर नाही, आचारी-वाढप्यांच्या पगारावर नाही. जे स्वयंपाकघर गोठवलेल्या पाकिटांऐवजी ताज्या मासळीवर आणि कसबी हातांवर पैसा खर्च करते, त्याला वजावट सर्वांत कमी मिळते आणि अठरा टक्क्यांचा फटका सर्वांत जास्त बसतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातही कसबी माणसे पगारावर टिकवून ठेवणाऱ्यांना तर तो दुहेरी बसतो.

आवाराबाहेरच्या रेस्टॉरंटाचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. आसगाव किंवा फोंताइन्यासमधील जुने घर घेऊन तेथे चाळीस पाहुण्यांचे उंची रेस्टॉरंट उभारणाऱ्या व्यावसायिकाला पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कॉम्बी ओव्हन, ब्लास्ट चिलर, शीतगृह, धूर ओढणारी यंत्रणा, अंतर्गत सजावटीचे साहित्य आणि व्यापारी जागेचे भाडे या सर्वांवर प्रामुख्याने अठरा टक्के कर भरावा लागतो, आणि पाच टक्क्यांच्या दरात त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही. तो भांडवली खर्चात गाडला जातो आणि शेवटी ताटाच्या किमतीत उतरतो. वरचेच गणित येथे लावले तर सुरुवातीच्या वर्षांत खरेदी ६,१२० रुपयांच्या पलीकडे सहज जाऊ शकते आणि अठरा टक्के भरणेच परवडू शकते. या व्यावसायिकाला सवलत नको आहे, तो अधिक दराने कर भरून वजावट घेऊ इच्छितो. सप्टेंबरच्या खुलाशाने हा मार्ग बंद केला आणि त्यामागचे कारण सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

या सगळ्याचा अंतिम भार ज्याच्यावर पडतो, त्या पाहुण्याचाही विचार व्हायला हवा. पर्यटननगरीत उंची भोजनावर मोकळ्या हाताने खर्च करणारे सगळेच धनाढ्य असतात, हा समज चुकीचा आहे. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, मुलाची पहिली नोकरी अशा निमित्ताने पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावहून आलेले कुटुंब एका संध्याकाळसाठी महिनोन्‌महिने पैसे बाजूला ठेवते आणि टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने स्वतः ठरवलेली सात-आठ छोट्या पदार्थांची क्रमवार मेजवानी, मागवते. त्या कुटुंबाला किमतीची तक्रार नसते. किंमत मेन्यूवर वाचूनच ते बसलेले असते. त्याचा विरस होतो तो बिलावरील न समजणाऱ्या ओळींनी. शेजारच्या रेस्टॉरंटात पाच टक्के आणि येथे अठरा का, याचे उत्तर वाढप्याला देता येत नाही, कारण खरे उत्तर गेल्या डिसेंबरमधील कोणा अनोळखी पाहुण्याच्या खोलीभाड्यात असते.

परंतु या बाबतीत सगळा दोष शासनाकडे ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ग्राह्य ठरवल्या असतानाही आपल्या संघटनेचे काही सभासद दहा टक्के सेवाशुल्क बिलात आपोआप मिळवत आहेत आणि त्यावरही कर आकारत आहेत. वाइन पेअरिंगची, म्हणजे प्रत्येक पदार्थासोबत ठरलेल्या मद्याची, एकच ठोक किंमत लावून ती बिलावर न फोडणारेही आहेत. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असून राज्याच्या मूल्यवर्धित कराखाली येते, हे इतक्या वर्षांनंतरही त्यांना सांगावे लागते. अशा बिलांच्या गठ्ठ्यासह परिषदेपुढे जाणाऱ्या व्यवसायाचे म्हणणे कोणी का ऐकावे?

साडेसात हजारांचा आकडा २०१७ पासून जागचा हललेला नाही. या काळात खोलीचे भाडे, मासळी, गॅस आणि पगार या सर्वांचे भाव चढले, त्यामुळे तेव्हा ऐषारामाची समजली जाणारी रेघ आज मध्यम दर्जाच्या हॉटेलांमधून जाते. ती वर सरकवण्याची मागणी करणे सोपे आहे, पण तेवढ्याने मूळ दोष जात नाही; काही वर्षांनी पुन्हा तीच स्थिती येईल. जेवणावरील कराचा खोलीभाड्याशी असलेला संबंधच तोडावा आणि पाच टक्के वजावटीविना किंवा अठरा टक्के वजावटीसह, यांपैकी एक पर्याय प्रत्येक रेस्टॉरंटाने, ते आवारात असो वा बाहेर, वर्षारंभी स्वतः निवडावा, हीच मागणी टिकाऊ आहे. हॉटेलांना स्वतःहून अठरा टक्के निवडता यावेत यासाठी घोषणापत्राची यंत्रणा जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेत आधीच तयार आहे. फक्त ती सर्वांना खुली करायची आहे. हे होत नाही तोवर निदान एका रात्रीऐवजी वर्षभराच्या सरासरी भाड्यावर परिसराचे वर्गीकरण करावे. राज्याच्या आकाराचा विचार न करता परिषदेत प्रत्येक राज्याच्या मताला सारखे वजन आहे, तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याने हा प्रश्न तेथे मांडण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

सभासदांनी मात्र परिषदेची वाट पाहत बसू नये. ज्यांच्या सर्व खोल्या वर्षभर साडेसात हजारांच्या आत आहेत, त्यांनी बुकिंगच्या प्रत्येक संकेतस्थळावर कमाल दराची मर्यादा आजच घालावी, ३१ डिसेंबरचे जेवण खोलीभाड्यातून काढावे, ते खरोखर ऐच्छिक करावे आणि त्याचे बिल वेगळे द्यावे. नुसते बिल वेगळे करून सक्ती तशीच ठेवली, तर तपासणीत ते टिकण्याची खात्री नाही. ज्यांना अठरा टक्केच सोयीचे आहेत, अशा हॉटेलांनी १ जानेवारी ते ३१ मार्च या मुदतीत जोडपत्र सातमधील घोषणा प्रत्येक परिसरासाठी स्वतंत्रपणे दाखल करावी, आणि पूर्वी केलेली घोषणा मागे घ्यायची असेल तर जोडपत्र नऊही याच मुदतीत द्यावे. मुदत हुकली की वर्ष गेले. हॉटेलची जागा भाड्याने घेतलेल्या शेफनी करारात दोन कलमे घालून घ्यावीत: साडेसात हजारांवर खोली विकण्यापूर्वी लेखी पूर्वसूचना, आणि त्यामुळे वाढणाऱ्या कराच्या तुटीची घरमालकाकडून भरपाई. आणि प्रत्येक सभासदाने मागील आर्थिक वर्षातील साडेसात हजारांवर गेलेल्या खोल्यांची व दिवसांची संख्या, रेस्टॉरंटची एकूण विक्री आणि प्रत्यक्ष मिळालेली वजावट, हे आकडे पाहुण्यांची नावे वगळून संघटनेच्या कार्यालयात जानेवारी संपण्यापूर्वी पोहोचवावेत, कारण राज्याच्या अर्थखात्यापुढे ठेवायचे निवेदन या आकड्यांवाचून लिहिता येणार नाही.